डेटा आपला, चूक त्यांची, दंड सरकारी तिजोरीत?

पानशेतकर

नोव्हेंबर २०२५ मधे डेटा संरक्षणाचे नियम निघाले तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर सगळे "२५० कोटींपर्यंत दंड, आता बघा कंपन्यांची कशी तंतरते" वगैरे लिहीत होते. मूळ कायदा ऑगस्ट २०२३ चा, नियम यायला सव्वादोन वर्षं गेली, ठीके, आपल्याकडे चालायचंच. पण मी कायदाच उघडून वाचला (४४ कलमं आहेत फक्त, एका रविवारात होतात) आणि कलम ३४ ला अडकलो. दंडाची झाडून सगळी रक्कम भारताच्या एकत्रित निधीत जमा होणार. ज्याचा डेटा फुटला त्याला किती? शून्य. भरपाईचं कलम शोधलं, नाहीचे. उलट खोटी किंवा फालतू तक्रार केलीत तर तुम्हालाच १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो असं मात्र आहे.

हे मी का वाचत बसलो तर आईच्या शुगर नि थायरॉईडच्या टेस्ट एका लॅबमधे केल्या होत्या, रिपोर्ट आमच्या हातात यायच्या आत "मधुमेह मुळापासून बरा" वाल्याचा फोन. त्याला आईचं नाव, वय आणि शुगरचा आकडासुद्धा माहीत! लॅबला विचारलं तर म्हणे आमच्याकडून जाणं शक्यच नाही. मग काय स्वप्न पडलं का त्याला?

तर प्रश्न असा, की नियमन हवं याबद्दल माझं दुमत नाही, पण ज्याचं नुकसान झालं तोच चित्रात नसेल तर तक्रार करायला जाणार कोण आणि कशाला?

मूषक

आकडा किती होता पण शुगरचा? फोनवाल्याला विचारून सांगा, लॅबपेक्षा लवकर रिपोर्ट देतोय.

स्विचगिअर

मी सहकारी बँकेच्या आयटीत आहे (कुठल्या ते विचारू नका, दक्षिण महाराष्ट्र एवढं पुरे) त्यामुळे माझं मत जरा वेगळं आहे. भरपाईचं पटतं, पण दंडाच्या आणि तपासणीच्या धाकाने काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा सायबर हल्ला आठवतोय ना सगळ्यांना? ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँका बंद. तुम्ही एटीएममधे कार्ड घातलं की मशीन स्विचला (मधला निरोप्या संगणक) विचारतं, स्विच कोअर बँकिंगला (खात्यांचा हिशोब असतो ती मुख्य यंत्रणा) विचारतो की बाबा याच्या खात्यात आहेत का पैसे, तिकडून हो आलं की नोटा बाहेर. चोरांनी मालवेअर घालून खऱ्या स्विचच्या बाजूला आपला खोटा स्विच उभा केला. म्हणजे गेटवरच्या वॉचमनच्या जागी चोराने आपलाच माणूस बसवला, येईल त्याला "जाऊ दे आत". विचारणा कोअर बँकिंगपर्यंत पोचलीच नाही. मग क्लोन केलेली कार्डं घेऊन २८ देशांत काही तासांत ७८ कोटी काढले, भारतात अडीच कोटी, त्यात आमच्या कोल्हापुरातली एटीएमं पण होती. सोमवारी १३ तारखेला स्विफ्टमधून (परदेशी पैसे पाठवायचं बँकांचं जाळं) १३.९२ कोटी हाँगकाँगला पाठवले ते वेगळेच. एकूण ९४.४२ कोटी. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात बोट उत्तर कोरियाकडे दाखवलंय. पुण्याच्या कोर्टाने २०२३ मधे ११ जणांना शिक्षा केली, पण ते सगळे नोटा काढणारे भुरटे हो, डोकं चालवणारे कुठे तिकडे बसलेत.

खातेदारांचा एक रुपया गेला नाही, गेले ते बँकेचे. हे महत्त्वाचं आहे. बँकेचा खिसा फाटला म्हणून सगळे जागे झाले. ऑक्टोबर २०१८ मधे रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट काढली, ३१ डिसेंबर २०१९ ला त्यावर चार पातळ्यांची मोठी चौकट आली, ज्या बँकेचं डिजिटल काम जास्त तिच्यावर अटी जास्त. त्याआधी मी संचालक मंडळापुढे नवीन फायरवॉल मागायला गेलो की उत्तर यायचं "यंदा मुख्य शाखेचा रंग आहे, पुढच्या वर्षी बघू". तपासणीच्या अहवालात तोच मुद्दा शेऱ्यासकट आल्यावर पुढच्याच मीटिंगला मंजूर झाला, त्यावर चर्चासुद्धा नाही. माझ्या विनंतीने जे झालं नाही ते एका शेऱ्याने झालं. म्हणून नियम हवेत. बास.

उंटावरचा_शहाणा

स्विचगिअर साहेब, एवढे नियम असून जुलै २०२४ च्या शेवटी काय झालं ते पण सांगा की. लहान बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारं मालवेअर) आलं, सुमारे ३०० लहान बँकांचं यूपीआय वगैरे बंद पडलं. त्या सगळ्या बँकांनी आपापले फॉर्म नीट भरले होते ना? रंगीत चेकलिस्ट? मधल्या सेवा देणाऱ्याकडे भोक असेल तर तुमच्या फायरवॉलला काय हार घालायचाय?

नियमनाने एकच गोष्ट नक्की वाढते, ती म्हणजे ऑडिट करणाऱ्यांचा धंदा. आमच्या गावच्या पतसंस्थेत चार माणसं आहेत, त्यातला एक शिपाई. त्यांना पण हाच डेटा कायदा लागू. संमतीच्या नोटिशी, वर्षभराचे लॉग, डेटा फुटला तर ७२ तासांत डेटा संरक्षण मंडळाला तपशील. करणार कोण, शिपाई?

आणि सगळ्यात भारी म्हणजे कलम १७. केंद्र सरकार ज्या सरकारी यंत्रणेला अधिसूचनेने बाहेर काढेल तिला हा कायदा लागूच नाही. लसीकरणाच्या कोविन पोर्टलची माहिती जून २०२३ मधे टेलिग्रामवरच्या बॉटवर नंबर टाकला की मिळत होती. नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बसले, दवाखाना कित्येक दिवस कागदावर चालला. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात नाजूक डेटा ज्याच्याकडे आहे तोच स्वतःला सूट देणार आणि पतसंस्थेच्या शिपायाला नोटीस. वा!

कट्ट्यावरची

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी (कुणी उभंच राहिलं नाही म्हणून). पतसंस्थेचं सोडा, आमच्या ऑफिसच्या कपाटात मागच्या दहाबारा वर्षांतल्या सगळ्या भाडेकरूंच्या आधारच्या झेरॉक्स आहेत, निघून गेलेल्यांच्या पण. कपाटाची किल्ली खिळ्याला. शिवाय गेटवर ॲप, त्यात कामवाल्या बायकांचे फोटो, यायच्या जायच्या वेळा, सगळ्यांना सगळं दिसतं. त्या बायकांना कुणी विचारलंय? एका मेंबरने ॲपमधून मावशी दुसऱ्या कुणाकडे किती वेळ असतात ते बघून त्यांच्याशी पगारावरून हुज्जत घातली, तेव्हा मी पहिल्यांदा हा विचार केला.

आणि आधारचं म्हणाल तर मे २०२२ आठवतंय का? २७ तारखेला प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, शेवटचे चारच आकडे दिसतात ती मास्क्ड प्रत द्या. २९ ला मागे घेतलं, कारण लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणे! दोन दिवस का होईना, कुणीतरी खरं बोललं होतं.

वकीलीणबाई

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न करते, लांबेल जरा.

भरपाईचा रस्ता आत्ता आहे, आणि तो बंद होणार आहे, हे कुणी सांगत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३अ, २००८ च्या दुरुस्तीने आलेलं. कंपनीने संवेदनशील वैयक्तिक माहिती सांभाळताना हयगय केली आणि त्यातून तुमचं नुकसान झालं तर नुकसानभरपाई. वैद्यकीय रिपोर्ट हा संवेदनशील माहितीतच येतो, २०११ च्या नियमांत तसं लिहिलंय. हा दावा कोर्टात नाही, राज्याच्या आयटी सचिवांपुढे चालतो. ते निर्णय अधिकारी म्हणून बसतात, ५ कोटींपर्यंतचे दावे ऐकू शकतात. नियमात चार महिन्यांत, फार तर सहा महिन्यांत निकाल असं आहे, प्रत्यक्षात सचिवांना बाकीची कामं असतात, तेव्हा कॅलेंडर घेऊन बसू नका. अपील दिल्लीला टीडीसॅटपुढे (दूरसंचार वादांचं अपील न्यायाधिकरण).

आता गंमत बघा. नवीन कायद्याच्या कलम ४४ मधे तीन पोटकलमं आहेत. दुसरं पोटकलम हे ४३अ रद्द करतं. तिसरं पोटकलम माहिती अधिकार कायद्याच्या ८(१)(ज) मधे बदल करतं, म्हणजे वैयक्तिक माहिती म्हटलं की सरकारी अधिकाऱ्याला नकार देणं सोपं होतं. नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेत तिसरं पोटकलम लगेच लागू झालं. नागरिकाचे हक्क, कंपन्यांची कर्तव्यं, दंड, हे सगळं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मधे. माहिती लपवायचा भाग आज, माहिती सांभाळायचा भाग दीड वर्षाने. कुणाची घाई कशाची होती ते समजून घ्या.

४३अ पण त्याच मे २०२७ ला जाईल. त्यानंतर ग्राहक आयोगात सेवेतली त्रुटी म्हणून जाता येईल, तो दरवाजा उघडा आहे. पण डेटाची हयगय म्हणून भरपाई मागायचं जे थेट कलम होतं ते नसेल.

आजोबा_ऑनलाईन

तुम्हां लोकांची कलमं वाचून चक्कर आली. आम्ही ज्येष्ठ नागरिक संघात वेगळंच बघतोय. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका येते, आरटीओचं चलन येतं, उघडलं की ते एपीके (ॲप बसवणारी फाईल) असतं, फोन चोराच्या ताब्यात जातो, ओटीपी पोराच्या आधी चोराला दिसतो. आमच्या संघात एकाचे पैसे असे गेले, मुलांना सांगितलंच नाही त्याने, लाजेखातर. दोन आठवडे गप्प बसला आणि सगळा मामला बिघडला.

मी स्टेट बँकेतून निवृत्त नाही, पोस्टातून आहे, तरी एवढं माहीत करून घेतलंय की रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. चूक ना तुमची ना बँकेची, मधेच कुठे घोटाळा झाला, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत की तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित. चूक ग्राहकाची हे सिद्ध करायचं काम बँकेचं, तुमचं नाही! सहकारी बँकांना पण डिसेंबर २०१७ मधे लागू केलंय. तेव्हा लाज सोडा, १९३० ला लगेच फोन करा, बँकेला लेखी द्या, पोच घ्या. पोच महत्त्वाची.

उंटावरचा_शहाणा

आजोबा, परिपत्रक झकास आहे पण बँक एकच वाक्य बोलते, "तुम्ही ओटीपी दिलात". खेळ खल्लास. ओटीपी गेला की व्यवहार अधिकृत, मग कसली शून्य जबाबदारी.

वकीलीणबाई

अगदी खल्लास नाही हो. गुवाहाटीच्या एका ग्राहकाची केस वाचा, जानेवारी २०२५ मधे सर्वोच्च न्यायालयात आली. ऑनलाईन घेतलेला कपडा परत करायचा होता, कस्टमर केअर म्हणून भलत्याच माणसाचा फोन, त्याच्या सांगण्यावरून ॲप टाकलं आणि ९४ हजार गेले (कॉसमॉसचे ९४ कोटी, याचे ९४ हजार, काय तो आकडा). स्टेट बँकेचं म्हणणं हेच की याने ओटीपी दिला. ग्राहकाने २४ तासांत कळवलं होतं. उच्च न्यायालयाने बँकेला पैसे द्यायला सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं आणि बँकेकडे असे व्यवहार पकडायचं उत्तम तंत्रज्ञान असताना तिने दक्ष राहायला हवं असंही म्हटलं.

पण ९४ हजारांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, हे पण लक्षात घ्या.

राईनकाठ

जर्मनीतून लिहितोय. इथे जीडीपीआर (युरोपचा डेटा संरक्षण कायदा) २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्याच्या कलम ८२ मधे भरपाई स्पष्ट आहे, पैशाचं नुकसान नसलं तरी, म्हणजे मनस्तापाची सुद्धा मागता येते. त्यामुळे वकिलांच्या फर्म्सच्या जाहिराती असतात, "तुमचा डेटा लीक झालाय का, आम्हाला सांगा". थोडं गिधाडासारखं वाटतं खरं, पण कंपन्या त्यांनाच घाबरतात.

दंडावर फार भिस्त ठेवू नका एवढं सांगतो. ब्रिटिश एअरवेजचं प्रकरण, २०१८ मधे सुमारे चार लाखांवर प्रवाशांची माहिती गेली, २०१९ ला ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी १८.३ कोटी पौंडांच्या दंडाची नोटीस काढली, जगभर बातम्या. ऑक्टोबर २०२० ला प्रत्यक्ष दंड २ कोटी पौंड. कोविड, सहकार्य, अमुक तमुक. कमाल मर्यादा पेपरात छापून येते, प्रत्यक्षात भरलेली रक्कम कुणी बघत नाही.

मूषक

म्हणजे आपल्याकडे २५० कोटींचे किती होतील? अंदाज घ्या, बक्षीस एक मास्क्ड आधार.

स्विचगिअर

उंटावरच्यांच्या सी-एजच्या मुद्द्याला उत्तर राहिलं होतं. मुद्दा बरोबर आहे, अर्धा. लहान बँका स्वतःचं काही चालवतच नाहीत, परवडत नाही, चार-पाच कंपन्यांकडे सगळ्यांचा माल. एकाला ताप आला की तीनशेंना खोकला. पण तेव्हा एनपीसीआयने (यूपीआय चालवणारी संस्था) ती कंपनी पेमेंटच्या जाळ्यातून ताबडतोब तोडली म्हणून ते पुढे गेलं नाही, आणि तोडायचा अधिकार नियमांमुळेच होता ना? जोडण्या तोडायच्या की नाही यावर तेव्हा मीटिंगा घेत बसले असते तर?

आणि पतसंस्थांबद्दल. खरी गोची तिथेच आहे, पण तुम्ही म्हणता त्या बाजूने नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या खाली येतच नाहीत. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली, निबंधकांकडे. त्यामुळे आजोबांनी सांगितलेलं २०१७ चं परिपत्रक तिथे लागू नाही, कॉसमॉसनंतरची चौकट लागू नाही. आणि आज कित्येक पतसंस्थांनी कुठल्यातरी बँकेशी जोडून मोबाईल ॲप काढलंय, क्यूआर आहे, पिग्मी एजंटच्या हातात मशीन आहे. सोनं तारण किती, कुणाकडे, हे सगळं एका कॉम्प्युटरवर, त्याला अँटीव्हायरस चकटफू आवृत्तीचा. तिथे ठेवी गावातल्या माणसांच्या असतात, विधवा बाया, ऊसवाले, निवृत्त मास्तर. चार माणसांची संस्था आहे म्हणून नियम नकोत असं म्हणायचं असेल तर मग ॲप पण नको. दोन्ही कसं चालेल.

उंटावरचा_शहाणा

हे मात्र पटलं. ॲप नको, हे मला आवडलं :)

पण मग पतसंस्थेला कमी नियम, मोठ्या बँकेला जास्त, असं पायऱ्यांनी करा ना. रिझर्व्ह बँकेने चार पातळ्या केल्या म्हणता, मग डेटा कायद्याने आमच्या चार माणसांच्या संस्थेला आणि देशभर पसरलेल्या हॉस्पिटलच्या साखळीला बहुतेक गोष्टींत एकाच दावणीला का बांधावं? आणि सरकारला सूट आहे त्याबद्दल कुणीच बोललं नाही अजून, मी वाट बघतोय.

वकीलीणबाई

बोलते. सूट हा या कायद्याचा सगळ्यात कच्चा भाग आहे असं माझंही मत आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा मूलभूत हक्क म्हटला. मूलभूत हक्क मुळात कुणाविरुद्ध असतो? सरकारविरुद्ध. श्रीकृष्ण समितीने २०१८ मधे डेटा कायद्याचा मसुदा दिला, त्यात भरपाईची तरतूद होती. २०१९ चं विधेयक ऑगस्ट २०२२ ला मागे घेतलं, २०२३ चा कायदा आला तोवर भरपाई गळून पडलेली.

आणखी एक. एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर हल्ला झाला की सहा तासांत सर्ट-इनला (सायबर हल्ले हाताळणारी केंद्र सरकारची संस्था) कळवायचं. छान. पण नोव्हेंबर २०२३ मधे सर्ट-इनलाच माहिती अधिकारातून वगळलं, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे मुद्दे सोडून. म्हणजे कंपनी सरकारला सांगणार, सरकार आपल्याला सांगणार नाही. नवीन नियमांत बाधित माणसाला विनाविलंब कळवायचं बंधन आहे ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट, मे २०२७ नंतर.

पानशेतकर

सगळ्यांचे आभार, धागा माझ्या अपेक्षेपेक्षा बराच पुढे गेला. माझं मत आता असं बनलंय बघा. स्विचगिअर म्हणतात तसा तपासणीचा धाक काम करतो, पण तो बँकांमधे, कारण तिथे दरवर्षी खरोखर कुणीतरी येऊन फाईल उघडून बघतं. लॅब, सोसायटीचं गेट-ॲप, क्लास, जिम, साडीच्या दुकानात बिलाच्या वेळी मागतात तो नंबर, इथे कुठलं मंडळ कुठे कुठे जाणार? तिथे तपासनीस एकच, ज्याचा डेटा फुटला तो. त्याला भरपाईचं आमिष ठेवलं असतं तर त्याने स्वतः पुरावा गोळा केला असता, स्वतःच्या खर्चाने खेटे घातले असते. सरकारला फुकटात लाखो तपासनीस मिळत होते, ते नको म्हणून १० हजारांची भीती घातली. मला यात कंपन्यांची सोय जास्त दिसते. राईनकाठ म्हणतात ती गिधाडं चालतील मला.

वकीलताई, आईचं प्रकरण ४३अ खाली बसेल का? नुकसान काय झालं विचारलं तर पैसे तर गेले नाहीत.

वकीलीणबाई

अडचण तीच आहे. ४३अ ला गैरवाजवी नुकसान किंवा समोरच्याचा गैरवाजवी फायदा दाखवावा लागतो. "किंवा" आहे हे लक्षात ठेवा. कुणीतरी तो आकडा विकून पैसे कमावले असतील तर फायदा झालाच, पण तो लॅबच्या हयगयीतून हे जोडावं लागेल. आधी लॅबला लेखी विचारा की रिपोर्टची माहिती कुणाकुणाला दिली, सॅम्पल घरून नेणारी एजन्सी त्यांची की बाहेरची, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवणारी सेवा कुणाची. रजिस्टर्ड एडी. आलेल्या फोनचा नंबर, तारीख, वेळ, कॉल लॉगचा स्क्रीनशॉट जपा, फोन बदलाल तेव्हा उडवू नका. आणि रिपोर्ट तयार झाल्याची वेळ रिपोर्टवर छापलेली असते, फोन त्यानंतर किती मिनिटांनी आला ते बघा. तो फरक लहान असेल तर तुमच्या बाजूने बरंच काही बोलतो.

पानशेतकर

बघितलं आत्ता. रिपोर्टवर संध्याकाळी ५:४२, फोन ६:१०. पत्र आजच टाकतो.

कट्ट्यावरची

मी जुन्या झेरॉक्स काढायला घेतल्या तर दोन कमिटी मेंबर म्हणतायत फाडू नका, उद्या पोलिसांनी मागितल्या तर? सोडून गेलेल्या भाडेकरूची प्रत किती वर्षं ठेवायची असते, कुणाला नक्की माहितीय का?